राणीचं कव्हर

पडेगाव, १ मार्च २०२५

चि. सुदर्शन यास आशीर्वाद.

आज नवव्या दिवशी नळ आला. साडेदहाला आला, पाऊण तास होता. खालचा हौद भरला, दोन ड्रम भरले. मग मोटार लावून वरची टाकी भरायला घेतली. ती भरून वाहायला लागली तरी मला कळलं नाही. शेजारच्या जमिलाभाभींनी त्यांच्या गच्चीवरून आवाज दिला, "भाऊ, पानी बह रहा है!" तेव्हा बंद केली. दुपारी वरणभात लावला. थोडा उरला आहे.

तुझा पत्ता माझ्याकडे होता. दोन वर्षांपूर्वी दिवाळीला तू इंदूरहून आईला पार्सल पाठवलं होतंस. तिनं ते न फोडता पोस्टमनच्या हातात परत दिलं, हे तुला माहीत आहेच. परत जायच्या आधी मी कागदावरचा पत्ता डायरीत उतरवून घेतला. तिला सांगितलं नव्हतं.

तू सावडायच्या दिवशी आलास. मामांच्या अमृतानं तुला कळवलं असं नंतर समजलं. तू फाटकातून आत आलास आणि अप्पाराव मामा सगळ्यांसमोर बोलले, "आलास? आता काय विकायला आलास?" तू चपलासुद्धा काढल्या नाहीस. वळलास आणि गेलास. मी हातात तांब्या घेऊन उभा होतो.

मामांचं मनावर घेऊ नको. त्यांची एकुलती एक बहीण गेली होती. माणूस अशा वेळी काहीही बोलतो.

तुझ्या आईनं ऑपरेशनला जायच्या आधी तुझं नाव काढलं होतं. काय म्हणाली ते आता मला नीटसं आठवत नाही. घाईगडबड होती.

अमृताकडून कळलं की तुझी श्रेया आता पहिलीत आहे. तिला आशीर्वाद.

अण्णा


१९ एप्रिल २०२५

चि. सुदर्शन,

पहिल्या पत्राला उत्तर आलं नाही. मी वाट पाहिली नाही असं म्हणणार नाही. अमृता म्हणाली, "काका, दादा पत्र उघडत नाही, पण टाकूनबी देत नाही. फ्रिजवर ठेवलंय." मग तिथेच राहू दे. मी लिहीत राहतो.

आज आईचं कपाट आवरलं. साड्या मामांच्या घरी देवगावला पाठवायच्या आहेत. पलंगाखालून तुझा कॅरम काढला. गोणपाटात गुंडाळलेला होता. मला वाटलं होतं वाळवी लागली असेल. नाही लागली. दरवर्षी गणपतीत घर झाडताना ती तो बाहेर काढायची, कोरड्या फडक्यानं पुसायची आणि पुन्हा आत सरकवायची. मी एकदा विचारलं तर म्हणाली, "लाकूड हाये. खराब का होऊ द्यायचं?" बाकी तुझं नाव या घरात निघत नव्हतं.

तुला आठवत असेल, खेळ तिला आधी अजिबात कळत नव्हता. तू सातवीत होतास. स्वयंपाकघरात पाटावर बसून तू तिला शिकवलंस, की राणी घेतली म्हणजे झालं नाही. पाठोपाठ आपली एक सोंगटी घ्यावी लागते, तिला कव्हर म्हणतात. ती गेली नाही तर राणी उचलून परत मधोमध ठेवतात. ती कणीक मळता मळता म्हणाली, "म्हंजे राणीला एकटं नेता येत नाय." त्यानंतर तिनं तुझा एकही सामना सोडला नाही. बोरिक पावडर तीच चाळायची, जुन्या व्हॉइलच्या साडीच्या तुकड्यातून दोनदा. बाजारची पावडर खडबडीत असते म्हणायची. गुलमंडीच्या त्या क्लबात पुरुषांत एकटी बाई, मांडीवर पावडरचा डबा घेऊन. लोक हसायचे. तू जिल्ह्यात पहिला आल्यावर हसायचे थांबले.

मी तुझ्या सामन्यांवर पैसे लावायचो, हे तुला लहानपणापासून माहीत होतं. आईला माहीत नव्हतं. जिंकलो की तुला वरच्या मजल्यावरच्या हॉटेलात आम्रखंड खाऊ घालायचो आणि सांगायचो, आईला बोलू नको. तू कधी बोलला नाहीस. मला तेव्हा वाटायचं, पोरगं शहाणं आहे. गप्प बसायला मीच शिकवलं, हे आता कळतं.

हा जुगार आहे असं मी मानत नव्हतो. पाटबंधारे खात्यातला कारकून मी. साहेब लोकांच्या फायली इकडून तिकडे नेण्यात तीस वर्षं गेली. तुझ्या बाजूनं पैसे लावले की चार लोक माझ्याकडे वळून पाहायचे. "सुदर्शनचे वडील" म्हणायचे. ते बरं वाटायचं.

तिचा चष्मा मात्र कपाटात नाही. तो माझ्याकडेच आहे, टेबलाच्या खणात. त्याविषयी नंतर लिहीन.

अण्णा


६ सप्टेंबर २०२५

सुदर्शन,

आज अनंत चतुर्दशी. मिरवणुका गुलमंडीकडे आहेत, इथे फक्त लांबून ढोल ऐकू येतात. नळ काल येऊन गेला. आज काम नव्हतं, म्हणून लिहायला बसलो. सकाळपासून दोन कागद फाडले.

अकरा वर्षांपूर्वी विसर्जनाच्या आदल्या दिवशी तुझा अंतिम सामना होता. काय झालं ते तुला माहीत आहे. तरी मी लिहिणार आहे. कारण कागदावर मी ते कधी उतरवलं नाही आणि तोंडानं कुणाला सांगितलं नाही.

या प्लॉटचा इसार आम्ही त्या वर्षी पाडव्याला दिला होता. तुझ्या आईला स्वतःचं घर पाहिजे होतं. सरकारी क्वार्टरच्या भिंतीला खिळा ठोकायचा तरी परवानगी लागते, म्हणायची. उरलेले पैसे दिवाळीच्या आत द्यायचे होते, नाहीतर इसार बुडणार होता. ते पैसे ती माझ्याकडे देत गेली आणि मी ते उन्हाळ्यात क्रिकेटवर घालवले. तिला वाटत होतं बँकेत आहेत.

भरून काढायचा एकच रस्ता मला माहीत होता, तो म्हणजे तुझा खेळ. पण तोवर तुझ्या विरुद्ध पैसे लावायला कुणी तयारच होईना. तू जिंकणार हे सगळ्यांना माहीत होतं. मग तुझ्यावर लावून काय मिळणार? मिळालं असतं ते तू हरल्यावरच, म्हणून मी दुसऱ्याच्या नावानं तुझ्या विरुद्ध लावले.

सामन्याच्या आदल्या दिवशी मी तुला घेऊन मकबऱ्याच्या मागच्या रस्त्यानं फिरायला गेलो. तुला म्हणालो, "आईचं घर जातंय." मी कसे पैसे घालवले ते सांगितलं. तू एवढंच विचारलंस, "बँकेचे साहेब येणारेत उद्या, अण्णा. खेळाडूंच्या कोट्यातली जागा आहे. माहितीये ना?" मी म्हणालो, "जागा पुन्हा निघते. प्लॉट पुन्हा मिळत नसतो." मी म्हणालो, "राणी घे, सगळं कर, फक्त शेवटचं कव्हर सोड." तू हो म्हणाला नाहीस आणि नाहीही म्हणाला नाहीस.

तिसऱ्या गेमचा शेवटचा बोर्ड. तू राणी घेतलीस. कव्हरची सोंगटी पॉकेटच्या तोंडाशी होती. फुंकर मारली तरी गेली असती. तुला लहानपणापासून सवय होती, महत्त्वाचा फटका मारायच्या आधी मान वर करून माझ्याकडे पाहायची. मी चष्मा वर सरकवला की तू मारायचास. त्या दिवशीही तू पाहिलंस. स्ट्रायकर लावून, बोट वर धरून, तू पाहत थांबलास. पंच मोहियोद्दीनभाईंनी घड्याळ पाहिलं. एवढा वेळ तू थांबलास.

तू मला संधी देत होतास, हे मला तेव्हाच कळलं होतं. मी चष्मा काढून शर्टाच्या टोकानं पुसत बसलो.

स्ट्रायकर सोंगटीच्या बाजूनं निघून गेला. मोहियोद्दीनभाईंनी राणी उचलून मधोमध ठेवली. हॉलमध्ये कुणी टाळी वाजवली नाही. तुझी आई डबा घेऊन उठली आणि जिना उतरून गेली. खेळ तिला कळत होता. तूच शिकवला होतास.

घरी मामा आलेले होते. आईनं तुला उभं करून विचारलं, "कुणाकडून घेतले?" तू माझ्याकडे पाहिलंस. त्या दिवशी दुसऱ्यांदा पाहिलंस. मी म्हणालो, "मला काय माहीत? त्यालाच विचार."

आई म्हणाली, "बोल की रे. एकदा नाय म्हण, मी मान्य करते." तू नाही म्हणाला नाहीस. तू नाही म्हणाला असतास तर पुढचा प्रश्न मला आला असता आणि तिचं घर गेलं असतं. तू बावीस वर्षांचा होतास.

हे घर त्या कव्हरचं आहे. त्याच्या भिंतीत तिनं मनासारखे खिळे ठोकले.

बन्सी


२ नोव्हेंबर २०२५

सुदर्शन,

काल गुलमंडीत क्लबला जाऊन आलो. अकरा वर्षांनी जिना चढलो. आता चारच बोर्ड उरलेत. मोहियोद्दीनभाई खिडकीजवळ बसून एका बोर्डाला पॉलिश करत होते. गुडघे गेलेत त्यांचे. मला पाहून म्हणाले, "आओ बन्सीभाऊ. आजकल के पोट्टे मोबाईल पे कॅरम खेलते. चलो, पावडर का खर्चा बचा."

मी बसलो नाही. उभ्या उभ्या सांगितलं, की सुदर्शननं पैसे घेतले नव्हते. मी लावले होते, मी सांगितलं म्हणून तो चुकला.

ते पॉलिश करत राहिले. मग म्हणाले, "मेरे कू उसी दिन मालूम था. पोरगा चुकला नाय. त्यानं तुमच्याकडं पाह्यलं आन् तुम्ही ऐनक पुसत बसले. मैं सामने खडा था ना."

मी विचारलं, "मग बोलला का नाहीत?"

"मैं कायकू बोलूं? बाप तुम थे." थोड्या वेळानं फडकं खाली ठेवून म्हणाले, "ग्यारा साल तुम ऊपर नै चढे. मैं समझा, शरम है. अच्छी बात है. लेकिन शरम थी तो भाभी कू बोलना था. मेरे कू बोल के क्या फायदा?"

चहा मागवला त्यांनी. मी अर्धा प्यालो. निघताना म्हणाले, "भाभी जैसी पावडर फिर किसीने नै छानी."

त्यांना आई गेल्याचं ठाऊक होतं. भाभीला सांगायला हवं होतं, हे त्यांनी सहज म्हटलं. त्यांना ठाऊक नाही की तशी वेळ एकदा आली होती.

बन्सी


१४ डिसेंबर २०२५

सुदर्शन,

थंडी पडली आहे. सकाळी दौलताबाद रस्त्यानं फिरून आलो. दूध आणलं. गॅस संपला, दुसरा लावला.

पहिल्या पत्रात मी लिहिलं होतं की ऑपरेशनच्या आधी आई काय म्हणाली ते आठवत नाही. ते खोटं होतं. शब्द न् शब्द आठवतो.

सकाळी सात वाजता तिला न्यायला येणार होते. हिरवा गाऊन घातलेला, बांगड्या काढून अमृताच्या आईकडे दिलेल्या. खोलीत आम्ही दोघंच होतो. ती म्हणाली, "एक इचारू का? खरं सांगाल?"

मी म्हणालो, "विचार की."

"सुदानं खरंच पैसे घेतले व्हते का?"

मी म्हणालो, "आता कशाला तो विषय, केसर?"

"नाय, सांगा. दहा वर्षं मी एकच गोष्ट मनात घोळवते. सोंगटी तोंडाशी व्हती. त्यो असा चुकणारा नाय, हे खरं. पण त्यो पैसे घेणाराबी नाय. मग काय झालं? तुम्हाला माहीत असंल तर सांगा. घेतले नसतील तर मी आत्ता फोन करते त्याला. अमृताकडं नंबर हाये. आत जायच्या आधी बोलते."

तिचा मोबाईल उशीजवळ होता. तिनं तो हातात घेतलासुद्धा होता.

सुदर्शन, आदल्या दिवशी डॉक्टरांनी मला बोलावून सांगितलं होतं, की शंभरातले पंच्याण्णव लोक या ऑपरेशनमधून चांगले घरी जातात. मी मनात म्हणालो, आत्ता खरं सांगितलं तर तिच्या काळजाला सोसायचं नाही. घरी आल्यावर सांगू. उन्हात बसवून, सावकाश सांगू. हे कारण मी दहा महिने स्वतःला देत आलो. ते खरं कारण नाही. खरं हे, की तिनं माझ्याकडे कसं पाहिलं असतं ते मला पाहायचं नव्हतं. शंभरात पंच्याण्णव. इतका चांगला भाव आयुष्यात कधी मिळाला नव्हता. मी लावला.

मी म्हणालो, "घेतले होते."

ती म्हणाली, "बरं."

मोबाईल परत उशीजवळ ठेवला. चष्मा काढून माझ्या हातात दिला. "नीट धरा, काडी ढिली हाये," म्हणाली. मग ते न्यायला आले.

त्यानंतर ती तीन दिवस होती, पण शुद्धीवर आली नाही. तिचं माझ्याशी शेवटचं बोलणं चष्म्याच्या काडीचं झालं. तुझ्याशी झालंच नाही. ते मी होऊ दिलं नाही. फोन तिच्या हातात होता.

माफ कर असं मी लिहिणार नाही. ज्यांनी माफ करायचं ती माणसं एक नाही, दोन आहेत. त्यातलं एक विचारण्यापलीकडे गेलं.

एकतीस जानेवारीला तिचं वर्षश्राद्ध आहे. देवगावहून मामा आणि सगळे येतील. त्यांच्यासमोर मी हे सांगणार आहे. तू यावंस म्हणून सांगत नाही. तू आलास नाही आलास तरी सांगणार आहे. पण तारीख तुला माहीत असावी.

बन्सी


३१ जानेवारी २०२६

सुदर्शन,

आज श्राद्ध झालं. गुरुजी नऊला आले, बारापर्यंत आटोपलं. देवगावहून चौदा माणसं होती. पानं मांडली. वडे, खीर, आळूची भाजी, जमिलाभाभींकडून दोन मोठी पातेली आणली होती. तू आला नाहीस. मी दोनदा फाटकापर्यंत जाऊन आलो, तेवढंच.

सगळे पानांवर बसल्यावर, घास घ्यायच्या आधी मी त्यांना थांबवलं. मला भाषण येत नाही. मी कागदावर लिहून ठेवलं होतं, पण कागद खिशातच राहू दिला आणि तसंच सांगितलं. क्रिकेट सांगितलं, प्लॉट सांगितला, मकबऱ्यामागचा रस्ता सांगितला. मामांना कॅरम कळत नाही, ते म्हणाले, "कव्हर म्हंजे काय?" मी सांगितलं. राणीला एकटं नेता येत नाही, असंच सांगितलं. तिचेच शब्द तोंडात आले.

मग दवाखान्यातलं सांगितलं. तेही सांगितलं.

मामा उठले. माझ्यासमोर येऊन उभे राहिले. मला वाटलं मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "मी त्या पोराला दारातून हाकललं. बहिणीच्या सावडण्याला आलेलं पोरगं. तुमी तांब्या धरून बघत व्हते."

मी म्हणालो, "हो."

"दाजी, तुमच्या घरचं पाणीबी आता मला नको."

ते गेले. त्यांच्यामागे एकेक करून सगळे उठले. बायकांनी मुलांना चपला घालायला लावल्या. अमृता तेवढी थांबली. तिनं वाढलेली पानं उचलली, अन्न पातेल्यात भरलं आणि म्हणाली, "काका, दादानं काल पत्रं उघडली. सगळी एकदम."

मी विचारलं, "काय म्हणाला?"

"काय नाय म्हणाला. वहिनी सांगत व्हती, आज कामावर गेला नाय. गच्चीत जाऊन बसलाय." तिनं पदर खोचला. "मी ह्यातलं काय त्याला सांगू?"

मी म्हणालो, "मामा काय बोलले ते सांग. बाकी मी लिहीन."

ती गेली. बाहेर मामांची गाडी तिच्यासाठी थांबली होती.

घर तुझ्या नावावर करायचे कागद वकिलाकडे दिले आहेत. तू घेणार नाहीस हे मला माहीत आहे. तरी तुझ्या नावावर असेल. कॅरम पलंगाखाली आहे. मी तो पुसून ठेवला आहे. चष्म्याची काडी गुलमंडीत दुरुस्त करून आणली. ते तिला आवडलं असतं की नाही, कोण जाणे.

आता चार वाजलेत. हे लिहीत असतानाच नळ आल्याचा आवाज आला. आज आठव्याच दिवशी आला. आयुष्य पाटबंधारे खात्यात काढलं आणि घरी पाण्याची वाट पाहतो, असं ती मला चिडवायची. मी खाली मोटारीजवळ असायचो आणि ती वर गच्चीत टाकीपाशी. टाकी भरली की वरून ओरडायची, "बस्स!" अख्ख्या गल्लीला ऐकू जायचं. मी बटण बंद करायचो.

पत्र इथेच ठेवतो. पाणी भरून आल्यावर पाकिटात घालीन.

(नंतर)

हौद भरला. मोटार सुरू केली. मग जिना चढून वर गेलो आणि टाकीचं झाकण काढून पाहिलं, अर्धीच होती. खाली आलो. थोड्या वेळानं पुन्हा वर गेलो. चार बोटं कमी होती. तिथेच कठड्याला धरून उभा राहिलो. पाणी वर आल्यावर झाकण लावलं, खाली उतरलो आणि बटण बंद केलं.

बन्सी